सातवं कडं

हे मी कोणालाही सांगायचं नव्हतं. ओर्माक आजोबांनी आम्हा तिघांचे हात चाकाच्या लाकडावर ठेवून तसं कबूल करून घेतलं होतं. मी सांगणारही नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे अख्ख्या ऊर्गस गावाला माहीत आहे. पण दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. शिंग वाजायच्या आत संपवायचं आहे.

आमच्या घराची ओ इतकी वर्षं आत्या द्यायची. गेल्या महिन्यात तिचं लग्न झालं. आता तिला सासरच्या होडीची ओ द्यावी लागते, म्हणून आमची माझ्यावर आली. रोज संध्याकाळी शिंग वाजलं की प्रत्येक घरातलं निदान एक माणूस धक्क्यावर जातं. हाळीवाला थोरल्या बुरुजाच्या पायरीवर उभा राहून एकेका होडीचं नाव पुकारतो. आपली होडी धक्क्यावरच्या आपल्या लोखंडी कड्याला बांधलेली आपण डोळ्यांनी बघितली असेल, तरच "आत!" म्हणायचं. सगळ्या ओ मिळाल्या की दोन बुरुजांमधली साखळी चढते आणि बंदर बंद होतं. एखादी ओ आली नाही, तर हाळीवाला मेणबत्ती लावतो. ती विझेपर्यंत साखळी चढत नाही, आणि तोवर धक्क्यावरून कोणी घरी जायचं नाही. बर्फ पडत असलं तरी.

आमच्या होडीचं नाव 'धाकटी मावशी'. माझ्या पहिल्या दिवशी हाळीवाल्याने ते पुकारलं तेव्हा होडी समोर बांधलेली होती, बाबा तिच्यात उभे राहून जाळं झटकत होते, आणि माझ्या घशातून आवाज निघेना. दुसऱ्यांदा पुकारलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"काय गं वेस्ला, मावशी आत आली की अजून गावभर उनाडतेय?" हाद्रिक मागून म्हणाला. लोक हसले.

"पोरी, जीभ घरी ठेवून आलीस का? आमची पेज करपतेय तिकडे," हाद्रिकची आई म्हणाली.

तिसऱ्या पुकाराला मी "आत" म्हणाले. तो उंदराचा आवाज होता. ओर्माक आजोबा धक्क्याच्या टोकाला काठी टेकून उभे होते, ते मात्र हसले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. परत जाताना म्हणाले, "जेवण झालं की वर चाकाच्या खोलीत ये. त्या दोघांनाही आण." दोघं म्हणजे हाद्रिक आणि तुवी. यंदा नव्याने ओ देणारे आम्ही तिघंच. ती काळोख्या महिन्याची अकरावी रात्र होती.

चाकाची खोली थोरल्या बुरुजात सगळ्यात वर आहे. चार माणसं ते चाक फिरवतात तेव्हा साखळी चढते. आजोबांनी चाळीस वर्षं ते फिरवलं, आता नुसती चरबी लावतात.

"आजोबा, आत आहात का?" हाद्रिकने दारातून विचारलं.

आतून लाकडावर बोटाने वाजवल्याचा आवाज आला. टक, टक. ते नेहमी असंच करतात. कोणी दार वाजवलं तर तोंडाने कधी उत्तर देत नाहीत. आम्हाला वाटायचं, तुसडे आहेत.

ते चाकाच्या दांड्याला सीलची चरबी चोळत बसले होते. आम्हाला त्यांनी शेगडीजवळ बसवलं आणि हात लाकडावर ठेवायला लावले.

"घरी बोलायचं नाही. होड्या पाण्यात असताना बुडालेल्यांची गोष्ट काढली म्हणून तुमच्या आया मला या खोलीतून हाकलून देतील."

"भूत आहे का हो गोष्टीत?" हाद्रिकने विचारलं.

"तू गप्प बसलास तर येईल. तुझ्या बडबडीत कोण येणार?"

तुवीने हाद्रिकला कोपर मारलं. आजोबा चरबी चोळत राहिले आणि त्याच सुरात सांगू लागले. मला जसं आठवतं तसं लिहिते.

"माझ्या ओळखीचा एक मुलगा होता. लुनो. तुमच्याच वयाचा. त्रेपन्न वर्षं झाली, हाच काळोखा महिना, तेरावी रात्र. त्यांच्या घराची ओ आई द्यायची. त्या दिवशी तिला ताप भरला, म्हणून लुनो गेला. पहिल्यांदाच गेला.

बाप ब्राद आणि थोरला भाऊ केस्त सकाळीच होडी घेऊन गेले होते. 'सांजपाखरू' नाव होडीचं. निघताना आई म्हणाली होती, अहो, दिव्याची काच तडकलीय, बदलून घ्या. बाप म्हणाला, राहू दे गं. तडकलेल्या काचेतून एका दिव्याचे दोन दिसतात. पोरगं लांबूनच आपल्याला ओळखेल.

तर लुनो धक्क्यावर गेला. उत्तरेचा वारा. बर्फ आडवं येत होतं. सातवं कडं त्यांचं, पण मध्ये एवढी गर्दी, की कडं दिसेना. आणि पुढे जायचं तर लोकांना सरका म्हणायला हवं. ते त्याला जमायचं नाही."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण मला ते बघितल्यासारखंच वाटलं.

"नावं पुकारली जात होती. आत, आत, आत. मग, सांजपाखरू! लुनो बंदराच्या तोंडाकडे बघत होता. दोन बुरुजांमधून एक होडी येत होती. पुढे दिवा. आणि दिव्याचे दोन दिसत होते. स्पष्ट. शेजारी शेजारी दोन. सांजपाखरू, दुसऱ्यांदा. कोणीतरी म्हातारी म्हणाली, अरे दे की ओ, पाय गोठले माझे. एका बाईच्या कडेवरचं पोर रडत होतं. हाळीवाल्याने विचारलं, मेणबत्ती लावू का? सगळ्या धक्क्यावर चुळबुळ झाली. पन्नास माणसं त्याच्याकडे बघायला लागली."

आजोबांचा हात थांबला.

"तो म्हणाला, आत."

"मग बरोबरच आहे की," तुवी म्हणाली. "होडी आली होती ना?"

"एक होडी आली होती. वारा होता, पोरी. डोळ्यांत पाणी होतं. ओल्या पापण्यांतून कुठलाही दिवा दोनच दिसतो."

शेगडीत काहीतरी तडतडलं.

"साखळी चढली. लोक घरी पळाले. लुनो दोर धरायला सातव्या कड्यापाशी गेला. आलेली होडी नवव्याला बांधत होते. दुसऱ्याच कोणाची. सातव्या कड्यावर बर्फ साठत होतं. तो तिथे उभा राहिला. किती वेळ, त्यालाही माहीत नाही."

"पण सांगायचं ना कोणालातरी!" हाद्रिक म्हणाला. "साखळी परत खाली घेतली असती."

"घेतली असती. चढलेल्या साखळीचे दुवे गोठून एकमेकांना चिकटायला अर्धी मेणबत्ती लागते. त्यानंतर ऊन लागेपर्यंत ती हलत नाही. पण तेवढा वेळ होता. हे त्याला माहीत होतं. तो पळतच इथे आला. या खोलीत. त्या दारात उभा राहिला."

आम्ही तिघांनीही दाराकडे बघितलं.

"चाकावरची चार माणसं इथे बसून गरम काढा पीत होती. एकाने विचारलं, काय रे? काय झालं? लुनोने तोंड उघडलं. आता सगळ्यांना सांगायचं. खोटी ओ दिली म्हणून. ब्रादच्या पोराने खोटी ओ दिली... तो म्हणाला, काही नाही."

"काही नाही?" तुवीने विचारलं.

"काही नाही, म्हणाला. आणि दारातच उभा राहिला. माणसांनी त्याला शेगडीजवळ बोलावलं. एकाने वाटीत काढा दिला. त्याने तो प्यायला. गरम होता. आणि मग खालून हाक आली."

आजोबांनी भिंतीतल्या अरुंद खिडकीकडे बोट केलं. तिच्यातून फक्त बाहेरचा समुद्र दिसतो.

"साखळी खाली घ्या रे... अशी. लांबून. एकजण उठून खिडकीशी गेला. म्हणाला, वारा आहे. दुसरा म्हणाला, माणसाचा आवाज वाटला रे. तर पहिला म्हणाला, कुठला माणूस? सगळ्या ओ मिळाल्यात. बाहेर आपलं कोणी नाही. आपलं कोणी नाही, तर मग त्या हाकेकडे कोण लक्ष देणार? चाच्यांनीही पूर्वी अशाच हाका मारल्या होत्या. परत हाक आली. या वेळी नावाने. लुनो... साखळी... मग तिसऱ्यांदा नुसतं लुनो. मग काही नाही."

"त्याने वाटी खाली ठेवली," आजोबा म्हणाले. "आणि घरी गेला."

यापुढचं ते फार हळू बोलले. काही शब्द मला ओठांवरून वाचावे लागले.

"घरात दिवा होता. आई उठून बसली होती. तापाने गाल लाल. हसत होती. म्हणाली, एवढा वेळ कुठे होतास रे? हे दोघं कधीचे आले.

लुनो दारातच थांबला.

चुलीपाशी बुटांचे दोन जोड होते. ओले. त्यांच्यातून पाणी येत होतं. जमिनीवर पसरत होतं. थांबत नव्हतं.

आई म्हणाली, पेजही घेतली नाही. थंडी वाजतेय म्हणाले, आणि पडले. आवाज करू नकोस.

पलंगापुढचा पडदा ओढलेला होता. त्याने ऐकलं. घोरण्याचा आवाज नाही. श्वासाचा नाही. नुसतं... होडीच्या बुडाला पाणी लागतं ना. तसं. चुबुक. चुबुक.

आई झोपली. तो दाराला पाठ लावून बसला.

मग पडद्यामागून बाप बोलला. लुनो... आम्ही आत आलो ना?"

तुवीने माझा हात धरला. तिची बोटं थंडगार होती.

"तो बोलला नाही.

थोड्या वेळाने केस्त बोलला. तू ओ दिलीस. आम्ही ऐकली. आत आलो ना रे?

तो बोलला नाही.

हो म्हटलं तर... ते राहणार. तसेच. त्या बुटांसकट. त्या पाण्यासकट. नाही म्हटलं तर जाणार. परत त्या पाण्यात. त्याच्या तोंडच्या एका शब्दाने. आणि आई जागी होणार, विचारणार, का नाही म्हणालास?

तिसऱ्यांदा दोघं मिळून बोलले. हाळीसारखं. लुनो... आम्ही... आत..."

आजोबा थांबले. आम्ही वाट बघितली. ते बोलेचनात. खिडकीबाहेर साखळी कुरकुरली. ती रात्रभर अशीच कुरकुरते, पण त्या वेळी आम्ही तिघंही दचकलो.

"मग?" हाद्रिकने विचारलं. आवाज अगदी बारीक होता त्याचा. माझ्यासारखा.

"मग उजाडलं. ऊन पडलं. साखळी उतरल्याचा खडखडाट झाला. पडदा बाजूला केला, तर पलंग रिकामा. बूट नाहीत. गादीत दोन खड्डे, आणि त्यात पाणी. वर बर्फाची पातळ साय धरलेली. आई जागी झाली. ताप उतरला होता. म्हणाली, गेले का एवढ्या लवकर? सांजपाखरूच्या फळ्या साखळीच्या बाहेरच्या अंगाला सापडल्या. सगळे म्हणाले, साखळी उतरताच परत गेले असतील आणि बर्फाच्या लाद्यांत सापडले. रात्री तर घरी होते, लुनोच्या आईने बघितलंय. लुनोने काही सांगितलं नाही. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"आणि ते परत आले?" तुवीने विचारलं.

"उत्तर मिळालेलं नाही ना त्यांना," आजोबा म्हणाले. "अजून विचारतात."



"अजून?" हाद्रिक म्हणाला.

आजोबांनी चरबीचं फडकं उचललं, घडी केली, परत उलगडली. "विचारायचे म्हणे. तो सांगायचा. मला काय ठाऊक?"

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मग मला दारावरची टक टक आठवली. त्या रात्रीआधी त्यांच्या तोंडून 'आत' हा शब्द मी सबंध आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. गोष्टीतसुद्धा तो शब्द जिथे जिथे आला तिथे त्यांनी आधी श्वास घेतला होता. दुसऱ्या कोणाच्या हे लक्षात आलं का, ते मी विचारलं नाही.

"तर लक्षात ठेवा," ते उठताना म्हणाले. "कड्याला हात लावल्याशिवाय ओ द्यायची नाही. लोक शिव्या देऊ देत. मेणबत्ती जळू दे. आणि चुकलं, तर तेव्हाच्या तेव्हा ओरडायचं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला चरबीचा वास येत होता. "पोरी, तो पोरगा बोलू नये तिथे बोलला आणि बोलायचं तिथे गप्प बसला. तुझं उलट होऊ दे."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर हाद्रिक म्हणाला, "म्हातारा घाबरवतोय आपल्याला, दुसरं काय." पण तो आमच्या दारापर्यंत सोबत आला, आणि त्याचं घर उलट्या दिशेला आहे.

काल संध्याकाळी मी गर्दीतून पुढे गेले. "सरका," म्हणाले. लोक सरकले. आमच्या कड्याला हात लावला, दोराची गाठ बघितली, आणि मगच ओ दिली. हाद्रिकची आई म्हणाली, "आज हिला वाचा फुटली वाटतं." मला वाईट वाटलं नाही.

आज पहाटे मी एकटी धक्क्यावर गेले. साखळी अजून उतरली नव्हती. ज्या कड्यांना होड्या बांधलेल्या असतात ती दोर घासून उघडी राहतात. रिकाम्या कड्यांवर रात्रीतून बर्फ चढतं, बोटभर जाड. मी टोकापासून मोजत गेले. तिसरं रिकामं होतं, त्यावर बर्फ. पाचव्यावरही. सातव्याला कोणीच होडी बांधत नाही, का ते मी लहानपणापासून कधी विचारलं नव्हतं. सातव्यावर बर्फ नव्हतं. लोखंड काळं आणि ओलं होतं, आणि दोर बसतो तिथे दोराएवढ्या रुंदीची चकचकीत पट्टी होती.

धक्क्याच्या टोकाला ओर्माक आजोबा उभे होते, पाठ करून. मला त्यांनी बघितलं नसावं. मी खाली बसून कड्याला हात लावला. ते हळूच पाण्याच्या बाजूला ओढलं गेलं. मग सैल पडलं. मग परत ओढलं गेलं. होडी बांधलेली असली आणि पाणी डुलत असलं की ओढलं जातं, तसं. पाण्यावर काहीही नव्हतं.

आज तेरावी आहे. बाबा सकाळी नेहमीसारखे गेले. दुपारपासून उत्तरेचा वारा सुटलाय. आत्ता शिंग वाजलं. आई खालून हाक मारतेय, "वेस्ला, लोकरी टोपी घाल आणि नीघ, हाळी चुकेल!" आले म्हणून मी ओरडले आहे. एवढं एक लिहून निघते. खिडकी उघडून बघितलं तर आमचं कडं रिकामं दिसतंय. पण बंदराच्या तोंडाशी आत्ताच एक दिवा आलाय. बाबांचाच असणार, एवढ्या उशिरा दुसरं कोण येतं? वारा फार आहे, डोळ्यांत पाणी येतंय, नीट दिसत नाही, आणि तो दिवा मधूनच

आईची परत हाक, "वेस्ला! अगं, मावशीचं नाव पुकारलं!"